७२६, २६५, पस्तीस-एक... हे आकडे आले कुठून? राहुरीचं कृषी विद्यापीठ नेमकं करतं काय, आणि आपण त्याचा फायदा कसा घ्यायचा

राहुरी (प्रतिनिधी) : मे महिना संपत आला की कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी सुरू होते. "सातशे सव्वीस आलं का?" हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो. उसाच्या लागणीच्या दिवसांत "दोनशे पासष्टचं चांगलं बेणं कुणाकडं आहे?" अशी फोनाफोनी चालते. रब्बीत ज्वारीचं बी मागताना जुनी माणसं अजूनही "पस्तीस-एक" म्हणतात. हे आकडे आपल्या तोंडात इतके बसलेत की ते आले कुठून, हे आपण कधी विचारत नाही.

यातला एकही आकडा कुठल्या कंपनीचा नाही. सातशे सव्वीस म्हणजे के.डी.एस. ७२६, फुले संगम हा सोयाबीनचा वाण. के.डी. म्हणजे कसबे डिग्रज, सांगली जिल्ह्यातलं गाव. दोनशे पासष्ट म्हणजे फुले २६५, तो पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा. पस्तीस-एक म्हणजे मालदांडी ३५-१, तो सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा. ही तिन्ही केंद्रं आज एकाच संस्थेच्या छताखाली आहेत. ती संस्था म्हणजे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी.

नगर-मनमाड रस्त्याने येता-जाता विद्यापीठाचं प्रवेशद्वार सगळ्यांनीच बघितलंय. पण बऱ्याच जणांच्या मनात ते "पोरं शिकतात ते ठिकाण" एवढंच आहे. आपला मुलगा तिथं शिकत नसेल तर आपला काही संबंध नाही, असं वाटतं. खरं तर ज्या शेतकऱ्याने त्या गेटच्या आत कधी पाय ठेवला नाही, त्याच्याही रानात विद्यापीठ पोचलेलं असतं. फक्त ते ओळखून कसं घ्यायचं, हे ठाऊक नसल्यामुळं आपण ऐकीव माहितीवर बी घेतो आणि हंगाम हातचा जातो. म्हणून ही सविस्तर माहिती.

विद्यापीठ कसं झालं?

विद्यापीठाच्या आधी केंद्रं होती. पुण्याचं कृषी महाविद्यालय १९०७ सालचं. त्याचे त्या काळातले प्राचार्य हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज शास्त्रज्ञ होते. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावातल्या जमिनी, पिकं आणि शेतकऱ्यांची कर्जं घरोघर जाऊन तपासली आणि त्यावर १९१७ मध्ये पुस्तक काढलं. आज तिथं उंच इमारती आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्याकडं किती तुकडे होते आणि त्यावर घर भागत होतं का, याची नोंद त्यात आहे. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. निफाडला गहू, मोहोळला ज्वारी, सोलापूरला कोरडवाहू शेती, अशी कामं स्वातंत्र्याच्या आधीपासून चालू होती.

अडचण एवढीच होती की शिकवणारे एकीकडं, संशोधन करणारे दुसरीकडं आणि शेतकऱ्याला सांगणारे तिसरीकडं. ही तिन्ही कामं एका संस्थेत आणायची, ही कल्पना अमेरिकेतली. तिथं १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनी देऊन शेतीची आणि कारागिरीची कॉलेजं उभी केली होती. त्याच धर्तीवर आपल्या देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला सुरू झालं. महाराष्ट्रात १९६७ मध्ये कायदा झाला आणि २९ मार्च १९६८ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झालं.

सुरुवातीला सगळ्या राज्याला एकच विद्यापीठ होतं. पण कोकणातला भात आणि विदर्भातली कपाशी एका ठिकाणाहून कशी बघणार? विदर्भात त्यासाठी आंदोलन झालं. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याचं पंजाबराव कृषी विद्यापीठ वेगळं झालं. १८ मे १९७२ ला परभणी आणि दापोलीची विद्यापीठं निघाली. तेव्हापासून राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीकडं पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातले दहा जिल्हे आहेत : अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक, धुळे, नंदुरबार आणि जळगाव.

विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव आहे. फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केलं. त्यात बांधबंदिस्ती, तळी, चांगल्या जातीची जनावरं आणि शेतकऱ्याच्या पोरांचं शिक्षण हे विषय आहेत. या विद्यापीठात आज ज्या विषयांचे विभाग आहेत, त्यातले बरेच त्या पुस्तकात सापडतात.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. विद्यापीठ आभाळातून पडलं नाही. राहुरी परिसरातल्या गावांमधल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या. त्या घरांतल्या वारसांना नोकरीत घेण्याची मागणी आजही होत असते. आणि विद्यापीठाचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. म्हणजे तिथं जे तयार होतं त्यावर शेतकऱ्याचा हक्क आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही.

तीन कामं : शिकवणं, शोधणं, सांगणं

राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात, कृषिमंत्री प्रतिकुलपती आणि रोजचा कारभार कुलगुरू बघतात. चारही विद्यापीठांचा मेळ घालायला पुण्यात महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद आहे. आत कामाचे तीन भाग पडतात.

पहिलं शिक्षण. पुणे, धुळे, कोल्हापूर, कराड, नंदुरबार, मुक्ताईनगर आणि कर्जत-जामखेड भागातलं हाळगाव इथं विद्यापीठाची स्वतःची कृषी महाविद्यालयं आहेत. राहुरीला पदव्युत्तर शिक्षण आणि कृषी अभियांत्रिकी. याशिवाय खासगी संलग्न महाविद्यालयं बरीच आहेत.

दुसरं संशोधन. हे एकट्या राहुरीत होत नाही. दहा जिल्ह्यांत केंद्रं विखुरलेली आहेत, कारण वडगाव मावळचा पाऊस सोलापुरात पडत नाही आणि कोल्हापूरची माती धुळ्यात सापडत नाही.

तिसरं विस्तार शिक्षण. साध्या शब्दांत, तयार झालेलं ज्ञान बांधापर्यंत पोचवणं. शेतकरी मेळावे, शिवारफेरी, प्रात्यक्षिकं, कृषी विज्ञान केंद्रं हे सगळं यात येतं. आपल्या गावात दरवर्षी ते "कृषिदूत" आणि "कृषिकन्या" येतात ना, पांढरे कपडे घालून बीजप्रक्रिया दाखवायला? ती शेवटच्या वर्षाची मुलं असतात. गावात राहून काम करणं हा त्यांच्या पदवीचाच भाग आहे. बरेच जण त्यांच्याबरोबर फोटो काढून मोकळे होतात. त्यापेक्षा त्यांना आपला माती परीक्षणाचा कागद दाखवा आणि विचारा. त्यांना उत्तर येत नसेल तर त्यांचे प्राध्यापक असतात, त्यांच्यापर्यंत प्रश्न जातो.

एक वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं का लागतात?

दुकानातली पिशवी पाच मिनिटांत हातात येते. पण तिच्या मागं किती वर्षं गेलेली असतात, ते बघा.

समजा हरभऱ्याचा मर न लागणारा वाण हवाय. एका वाणात उत्पादन चांगलं आहे, दुसऱ्यात मर रोगाला तोंड द्यायची ताकद आहे. दोघांचा संकर केला. पुढच्या पिढीत सगळी झाडं वेगवेगळी निघतात, एक उंच तर एक बुटकं. त्यातली हवी तशी निवडायची, त्यांचं बी पुन्हा लावायचं, पुन्हा निवडायचं. असं सहा-सात पिढ्या केल्यावर एकसारखं पीक येतं. मग केंद्रावर चाचणी. नंतर वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या जमिनीत चाचण्या. प्रत्येक ठिकाणी शेजारी जुना चांगला वाण लावायचा आणि नवा त्याच्यापेक्षा सरस ठरतो का ते सलग काही वर्षं बघायचं. शेवटी शेतकऱ्यांच्या रानात लावून बघायचं.

एवढं झाल्यावर चारही विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची वर्षातून एकदा एकत्र बैठक होते, तिला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात. तिथं आकडे मांडावे लागतात आणि बाकीचे शास्त्रज्ञ त्यावर प्रश्न विचारतात. तिथून पार पडलं तर वाण प्रसारित होतो. पिकं अशीच तपासली जातात असं नाही, एखादी फवारणी, खताची मात्रा किंवा अवजारसुद्धा याच वाटेने येतं. "विद्यापीठाची शिफारस" हे शब्द ऐकतो तेव्हा त्यामागं एवढी चाळणी असते.

उसाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडं उसाला तुरा येतो, पण त्यात जोमदार बी धरत नाही. त्यामुळं संकर करायला तमिळनाडूतल्या कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत जावं लागतं, तिथल्या हवामानात बी धरतं. ते बारीक बी पाडेगावला आणून रोपं करायची आणि हजारो रोपांतून निवडत निवडत एखाद-दुसरं पुढं न्यायचं. वाणाच्या नावातला "को" म्हणजे कोईमतूर आणि "कोएम"मधला "एम" म्हणजे महाराष्ट्र. को ८६०३२ हा कोईमतूरचा संकर. त्याच्या चाचण्या पाडेगावला झाल्या आणि आपल्याकडं तो 'नीरा' नावाने प्रसारित झाला. कोएम ०२६५ म्हणजेच आपला फुले २६५. चोपण जमिनीतही तग धरतो म्हणून तो नदीकाठच्या, पाणी साचून खराब झालेल्या रानांत इतका पसरला.

नावातच पत्ता असतो

ही यादी जपून ठेवण्यासारखी आहे :

- ऊस : पाडेगाव. फुले २६५, नीरा (को ८६०३२).
- सोयाबीन : कसबे डिग्रज. फुले संगम (के.डी.एस. ७२६), फुले किमया (के.डी.एस. ७५३).
- गहू : निफाड. त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान. पिशवीवर "एन.आय." दिसलं की निफाड समजा.
- भात : वडगाव मावळ. बाजारात मिळणारा इंद्रायणी इथलाच, १९८७ सालचा, आंबेमोहोराच्या वंशातला.
- हरभरा : राहुरी. विजय, दिग्विजय, विशाल, विराट, आणि उंच वाढत असल्यामुळं यंत्राने काढता येणारा फुले विक्रम.
- रब्बी ज्वारी : मोहोळ, सोलापूर आणि राहुरी. मालदांडी ३५-१, फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा, फुले अनुराधा.
- डाळिंब : गणेश हा वाण डॉ. चिमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदी वाणातून निवडला, १९३६ मध्ये. पुढं गणेशचा गुल-ए-शाह रेडशी संकर झाला आणि त्याच वंशातून मृदुला, भगवा हे वाण राहुरीला निघाले. आज ज्या भगव्यावर इतक्यांचे संसार चालतात, त्याचं मूळ हे.
- गाय : फुले त्रिवेणी. गीर, होल्स्टीन आणि जर्सी या तीन जातींच्या संकरातून राहुरीला तयार झालेली.

इथं एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. सगळीच संशोधन केंद्रं विद्यापीठाची नाहीत. राजगुरुनगरची कांदा-लसूण संस्था, मांजरीचं द्राक्ष केंद्र आणि सोलापूरचं डाळिंब केंद्र ही दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची आहेत. मांजरीचीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर कारखान्यांनी उभी केली. प्रश्न घेऊन जाताना हे माहीत असलं म्हणजे फेरा वाचतो.

पिशवीवरच्या टॅगचा रंग बघा

वाण प्रसारित झाला तरी विद्यापीठ काही सगळ्या शेतकऱ्यांना पुरेल एवढं बी करू शकत नाही. म्हणून बियाण्याची एक साखळी असते.

शास्त्रज्ञ स्वतःच्या देखरेखीखाली तयार करतात ते पैदासकार बियाणं, त्याला पिवळा टॅग. त्यापासून होतं पायाभूत बियाणं, त्याला पांढरा टॅग. पायाभूतपासून होतं प्रमाणित बियाणं, त्याला निळा टॅग. आपण पेरायला घेतो ते बहुतेक प्रमाणित. हे बीजोत्पादन महाबीज, काही कंपन्या, शेतकरी गट आणि बीजोत्पादक शेतकरी करतात आणि बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे अधिकारी उभ्या पिकात येऊन तपासणी करतात. याशिवाय सत्यप्रत बियाणं असतं, त्याला हिरवट लेबल. त्यात यंत्रणेची तपासणी नसते, विकणारा स्वतः हमी देतो. विद्यापीठही सत्यप्रत बियाणं विकतं आणि खासगी कंपन्याही. म्हणून लेबलवर नाव कुणाचं आहे हे वाचायचं.

आता खरा मुद्दा. एखादा वाण चालला की त्याच्या नावाचा बाजार होतो. सोयाबीनचे भाव आणि मागणी वाढली की गावोगाव सुट्टी पोती "सातशे सव्वीस" म्हणून विकली जातात. टॅग नाही, लॉट नंबर नाही, पावती नाही. पोत्यात काय आहे ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक. पेरल्यावर उगवलं नाही, किंवा फुलं दोन रंगांची निघाली, की मग धावपळ सुरू होते. बातमीसाठी अशा रानांत मी गेलोय. शेतकऱ्याचा पहिला शब्द असतो "आता तक्रार कुठं करू?" आणि माझा पहिला प्रश्न असतो "पावती आहे का?" निम्म्या वेळा उत्तर येत नाही.

तक्रारीची सोय आहे. तालुका पातळीवर बियाणं तक्रार निवारण समिती असते. तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी आणि विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ असतो. ते रानात येऊन पंचनामा करतात. पण त्यांना पावती, टॅग आणि पिशवीत उरलेलं थोडं बी लागतं. हे तिन्ही नसेल तर समिती आली तरी हात चोळत परत जाते. म्हणून पेरणीनंतर रिकामी पिशवी टॅगसकट जपून ठेवा. पीक घरात येईपर्यंत ती तुमची साक्षीदार आहे.

घरचं बी : खर्च वाचवायचा सरळ मार्ग

सोयाबीन, हरभरा, गहू, रब्बी ज्वारी यांचे विद्यापीठाचे वाण सरळ म्हणजे सुधारित वाण आहेत. संकरित नाहीत. संकरित मका किंवा कपाशीचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, कारण पुढच्या पिढीत ते फुटतं. सरळ वाणाचं तसं नाही. एकदा चांगलं प्रमाणित बी घेतलं की नीट राखून दोन-तीन हंगाम घरचंच पेरता येतं. कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकातलं बी राखायला, पेरायला, शेजाऱ्याशी बदलायला, विकायलाही मोकळीक दिली आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव छापून, पिशवीत भरून विकता येत नाही.

पण घरचं बी म्हणजे कोठीतलं कुठलंही पोतं नव्हे. पिकात असतानाच वेगळी दिसणारी झाडं उपटून टाकायची. सोयाबीनची साल पातळ असते, म्हणून मळणी यंत्राचा वेग कमी ठेवायचा, पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच लावायची नाही. पेरणीआधी उगवण तपासायची. त्याला काही यंत्र लागत नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने किती उगवले ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. थोडे कमी असतील तर एकरी बी वाढवायचं. फारच कमी उगवले तर ते पोतं मोंढ्यावर न्यायचं, रानात नाही. पेरणी साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. पहिल्या सरीवर घाई केली तर उत्तम बीसुद्धा वाया जातं.

शिफारस वाचताना जमीन आपली बघायची

"अमक्याला एकरी इतकं झालं, मग मला का नाही?" हा प्रश्न पारावर रोज निघतो. उत्तर बऱ्याचदा जमिनीत असतं. रब्बी ज्वारीचंच बघा. जमिनीच्या खोलीनुसार वाण वेगळा सांगितलेला आहे. एक फुटापर्यंतच्या हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी खोल रानात कोरडवाहूसाठी फुले वसुधा आणि पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान. भारी रानाचा वाण मुरमाड माळावर पेरला तर कणीस भरायच्या वेळेला ओल संपते. मग आपण म्हणतो वाण फसवा निघाला. वाण तोच असतो, जागा चुकलेली असते.

म्हणून वाणाचं नाव विचारण्याआधी कुदळीने एक खड्डा घ्या आणि मुरूम किती खाली लागतो ते बघा. ही तपासणी फुकट आहे.

मुला-मुलींना तिथं शिकवायचं असेल तर

बारावी विज्ञान शाखेनंतर सीईटी देऊन कृषी पदवीला प्रवेश मिळतो. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो, कॉलेजच्या दारात पैसे भरून नव्हे. पदवी चार वर्षांची असते. बी.एस्सी. कृषीशिवाय उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, अन्न तंत्रज्ञान असे पर्याय आहेत. शेतकऱ्याच्या पाल्याला सातबाऱ्याच्या आधारे जादा गुणांचा लाभ मिळतो, त्यामुळं लागणारे दाखले निकालाआधीच तहसीलमधून काढून ठेवा. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचूनच अर्ज भरा. दहावीनंतर कृषी पदविकेचाही मार्ग आहे.

शिकवणं इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिलं वर्ष जड जातं, पण तो निभावतो. दरवर्षी कितीतरी ग्रामीण मुलं निभावतात.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. कृषी पदवी घेतलेली बरीच मुलं स्पर्धा परीक्षेच्या मागं लागतात. राहुरीतून अधिकारी झालेल्यांची संख्या मोठी आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण जे होत नाहीत ते पाच-सात वर्षं पुण्यात खोली घेऊन काढतात आणि घरची शेती वडील एकटे ओढतात. पदवीनंतर रोपवाटिका, बीजोत्पादन, माती-पाणी तपासणी प्रयोगशाळा, कृषी सेवा केंद्र हे मार्गही त्याच शिक्षणातून निघतात. पोराशी हे प्रवेशाच्या वेळीच बोलून घ्या.

विद्यापीठ कमी कुठं पडतं?

सगळं छान आहे असं लिहिलं तर ती जाहिरात होईल. शास्त्रज्ञ आणि कर्मचाऱ्यांची कितीतरी पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, हे चारही विद्यापीठांचं दुखणं आहे. एका माणसाकडं तीन-तीन कामं असली की शेतात जायला वेळ उरत नाही. मागणी असलेल्या वाणाचं बी लवकर संपतं. शिफारशीची भाषा "प्रति हेक्टर" आणि "किलो नत्र" अशी असते, आणि आपला शेतकरी एकर आणि गोणी मोजतो. ती दरी भरायचं काम मग दुकानदार करतो, आणि दुकानदार त्याच्याकडं जे शिल्लक आहे तेच सांगणार.

तिसरी बाजू बाजाराची. नवा वाण उत्पादन वाढवू शकतो, भाव वाढवू शकत नाही. इंद्रायणी, भगवा हे वाण मोठे झाले ते शेतात चालले म्हणून आणि बाजारातही चालले म्हणून. शास्त्रज्ञाच्या हातात पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. विद्यापीठाला दोष देताना एवढा फरक केला पाहिजे.

पण रिकाम्या जागा आणि अपुरं बी याबद्दल आवाज शेतकऱ्यांनीच उठवला पाहिजे. रस्ता, पाणी, वीज यासाठी आपण आमदारांना विचारतो. शेजारच्या संशोधन केंद्रात शास्त्रज्ञाची जागा का भरली नाही, हे आजवर कुठल्या ग्रामसभेत विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता करायचं काय?

१. बियाण्याची चौकशी मे-जून उजाडायच्या आधी करा. राहुरीला बियाणं विक्री केंद्र आहे, संशोधन केंद्रांवरही उपलब्धतेनुसार बी मिळतं. आधी फोन करून मग जा. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक गाडी केली तर भाडंही परवडतं.

२. थोडंच बी मिळालं तरी निराश होऊ नका. एक पिशवी चांगल्या तुकड्यात लावा, त्याचं बी राखा. पुढच्या वर्षी तुमच्याच घरात पेरणीपुरतं बी असेल.

३. विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' दरवर्षी निघते. पीकवार वाण, पेरणीची वेळ, खतं, रोग-किडी सगळं एका पुस्तकात, मराठीत. घरात एक असू द्या.

४. राहुरीच्या कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्रात थेट जाऊन विचारता येतं. जाताना रोगट झाडाचा नमुना मुळासकट न्या, नुसता फोटो नको.

५. लांब पडत असेल तर आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. अहिल्यानगर जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथं आहेत, सोलापुरात मोहोळला, साताऱ्यात बोरगावला. काही केंद्रं विद्यापीठ चालवतं, काही संस्था चालवतात, पण शेतकऱ्याला दार सगळीकडं उघडं आहे.

६. मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. तो गावच्या ग्रुपवर टाकायचं काम एका तरुणाने अंगावर घ्यावं. सुप्रभातचे मेसेज टाकायला वेळ आहे, तर याला दोन मिनिटं निघतील.

७. पावती, टॅग, रिकामी पिशवी. काढणी होईपर्यंत फेकायची नाही.

पुढच्या वेळी दुकानात "सातशे सव्वीस द्या" म्हणाल, तेव्हा पिशवी उलटी करून टॅग वाचा. वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत. चार ओळी आहेत, मोबाईलवर दिवसभर वाचतो त्यापेक्षा कमीच. कुणीतरी दहा-बारा वर्षं त्या दाण्यावर घालवलीत, आणि तुम्ही एकरभर रान त्याच्या भरवशावर सोडणार आहात.